आधी आपला वेग, मग समोरच्याचा : चालत्या रडारच्या प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार. लष्कर, ग्वाल्हेर

भाऊबिजेला ताई आली, तेव्हा तिच्याबरोबर आलेल्या भाच्याने जेवताना एक प्रश्न विचारला होता. पोलिसांची गाडी स्वतःच ताशी ५० किलोमीटरने पळत असेल, तर तिच्यातले रडार समोरून येणाऱ्या गाडीचा वेग कसे सांगते? ‘वजाबाकी करून’ असे उत्तर देऊन मी श्रीखंडाकडे वळलो. पण वजा करायचा तो स्वतःचा वेग रडारला कळतो कोठून, या त्याच्या पुढच्या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हते. तो इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला प्रकल्पासाठी विषय हवाच होता. तेव्हा असे एक उपकरण लहान प्रमाणावर आपणच बांधून पाहावे, असे ठरले. सोल्डरिंग आणि संगणकाचे काम त्याचे, नोंदी आणि गाडी माझी.

तत्त्व जुनेच आहे. ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ साली प्रागमध्ये ते मांडले. रडारने सोडलेली लहर जवळ येणाऱ्या वस्तूवर आदळून परतते तेव्हा तिची वारंवारता किंचित वाढलेली असते. गेलेल्या आणि परतलेल्या लहरींतला फरक मोजला की वेग मिळतो. आम्ही मागवलेले मॉड्यूल २४.१२५ गिगाहर्ट्झवर चालते, म्हणजे लहरीची लांबी सव्वा सेंटिमीटरच्या आतबाहेर. या वारंवारतेला ताशी १ किलोमीटर वेगामागे ४४.७ हर्ट्झचा फरक पडतो. ताशी ५० किलोमीटरला तो २,२३५ हर्ट्झ होतो, म्हणजे तो चक्क कानाला ऐकू येतो. ही गोष्ट पुढे किती उपयोगी पडणार आहे, याची आज मला कल्पना नाही असे नव्हे, पण ती तपासून पाहायची आहे.

आपल्याकडे इंटरसेप्टर, म्हणजे वेग तपासणारी पोलिसांची गाडी, सहसा रस्त्याच्या कडेला उभी करून लेझर गनने वेग मोजतात. लेझर गन डॉप्लरवर चालत नाही. ती प्रकाशाचे ठोके सोडून ते परतायला लागणाऱ्या वेळावरून अंतर आणि अंतराच्या बदलावरून वेग काढते. धावत्या गाडीतून रडारने वेग मोजण्याची पद्धत मुख्यतः अमेरिकेतल्या महामार्ग पोलिसांची असून ती १९७० च्या दशकापासून तेथे रूढ आहे. आमचा नमुना त्या पद्धतीचा आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

मॉड्यूलमधून येणारा संकेत इतका क्षीण असतो की तो हजारो पटींनी वाढवल्याशिवाय हाती काही लागत नाही. दोन टप्प्यांचा अॅम्प्लिफायर तयार झाला. त्याचे टोक यूएसबी साऊंड कार्डाच्या माइकच्या जागी जोडले. सेकंदाला ४४,१०० नमुने, ४,०९६ नमुन्यांचा एकेक गठ्ठा, त्यावर एफएफटी, म्हणजे संकेतात कोणकोणत्या वारंवारता किती जोराने आहेत हे वेगळे काढणारे गणित. असे केल्यावर एका गठ्ठ्याला साधारण ०.०९ सेकंद लागतो आणि वेगाची पायरी ताशी पाव किलोमीटरची मिळते.

टेबलावर मॉड्यूल ठेवून ते भिंतीकडे वळवले, तर भिंत ताशी २.२ किलोमीटर वेगाने चालत असल्याचे पडद्यावर दिसले. दोष भिंतीचा नव्हता. वर जुनी ट्यूबलाइट होती. ती सेकंदाला शंभर वेळा प्रखर-मंद होते, तिच्यातला वायू त्याच तालावर लहर परतवतो, आणि १०० भागिले ४४.७ म्हणजे बरोबर २.२. दिवा मालवल्यावर भिंत थांबली.

नंतर शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेला ५१२ हर्ट्झचा नादकाटा रबरी ठोकळ्यावर वाजवून मॉड्यूलपुढे धरला. पडद्यावर ११.५ आले आणि स्वर विरेपर्यंत ते हलले नाही. नादकाट्याच्या भुजा सेकंदाला ५१२ वेळा पुढेमागे होतात आणि परतणाऱ्या लहरीवर तोच ठसा उमटवतात. रडारला तो ५१२ हर्ट्झचा डॉप्लर फरकच वाटतो. पोलिसांच्या रडारबरोबर असेच नादकाटे येतात. फक्त त्यांवर वारंवारतेऐवजी वेग कोरलेला असतो. चालत्या रडारसाठी दोन काटे एकदम धरतात: खालच्या स्वराचा काटा म्हणजे गस्तीच्या गाडीचा वेग, वरच्या स्वराचा म्हणजे दोन्ही गाड्या मिळून होणारा जवळ येण्याचा वेग, आणि पडद्यावर दोहोंची वजाबाकी आली पाहिजे. ही चाचणी आम्ही शेवटासाठी राखून ठेवली आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

नुसत्या मॉड्यूलचा झोत फार पसरट आहे. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून कर्ण्यासारखा आकार करून घेतला. डबे-चाळण्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराने तो अर्ध्या तासात झाळून दिला आणि ‘यातून आवाज कोणाचा काढणार?’ असे विचारले. झोत आवळला गेला, पण तो बंदुकीच्या गोळीसारखा सरळ मात्र होत नाही. पोलिसांच्या चांगल्या अँटेनाचा झोतही सुमारे १२ अंशांचा असतो, म्हणजे ३०० मीटरवर त्याची रुंदी साठ मीटरांहून अधिक भरते. एवढ्या रुंदीत रस्त्याच्या सगळ्या मार्गिका मावतात, त्यामुळे आकडा कोणत्या गाडीचा हे रडार सांगत नाही; ते माणसानेच ठरवावे लागते.

२३ नोव्हेंबर, रविवार

ग्वाल्हेरच्या व्यापारी मेळ्याचे मैदान अजून मोकळे आहे. सकाळी सहाला माझ्या सहकाऱ्याने आपली गाडी जीपीएसवर ताशी ४० किलोमीटर धरून आमच्या शेजारून नेली. आम्ही तिच्या रेषेपासून सहा मीटर बाजूला उभे होतो. ती साठ मीटरवर असताना ३९.८ हा आकडा आला, आणि बारा मीटरवर आली तेव्हा ३५.८. गाडीचा वेग बदललेला नव्हता. रडारला वेगाचा आपल्या दिशेने येणारा भागच दिसतो आणि कोन वाढला की तो भाग घटतो. उभ्या रडारमध्ये ही चूक नेहमी कमीकडेच जाते, म्हणजे गाडीवाल्याच्या फायद्याची असते. चालत्या रडारमध्ये तसे राहत नाही.

आमचे मॉड्यूल एकच संकेत देते, त्यामुळे गाडी येते आहे की जाते आहे हे त्याला कळत नाही. दिशा कळण्यासाठी पाव लहरीच्या फरकाचे दोन संकेत लागतात. आम्ही फक्त समोरून येणाऱ्या गाडीपुरते काम करणार आहोत.

३० नोव्हेंबर, रविवार

आज भाच्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर डोळ्यांनी पाहिले. कर्णा डॅशबोर्डवर बसवून, समोर एकही गाडी नसताना, मैदानाच्या बाजूच्या रस्त्याने ४० च्या वेगाने गेलो. रिकाम्या रस्त्यावरूनही संकेत आला, आणि भरपूर आला. रस्ता, कडेचे खांब, कुंपण, झाडे हे सगळे रडारच्या दृष्टीने ताशी ४० किलोमीटरने आपल्याकडे धावून येत असतात. रडारला स्वतःचा वेग कळतो तो या स्थिर जगाच्या परतीतूनच. त्याला वेगळे कोणी सांगावे लागत नाही. पण जग स्थिर आहे, हे त्याने गृहीत धरलेले असते.

ही परत एका बारीक रेषेसारखी नसते. लांबच्या जमिनीवरून येणारा भाग जवळजवळ पूर्ण वेग दाखवतो. जवळची जमीन झोताला मोठ्या कोनात भेटते, म्हणून तिचा वेग कमी दिसतो. आलेखावर एक डोंगर दिसतो: वरच्या बाजूने तुटलेला कडा, खालच्या बाजूने लांब उतार. भाच्याने आधी सर्वांत उंच बिंदू धरला होता, तो ३८.९ येत होता. कड्याची धार धरायला लावल्यावर ३९.७ आले. शिवाय कर्णा काही अंश उजवीकडे वळलेला होता. तो सरळ केल्यावर उरलेलीही तफावत बरीचशी गेली. आकडा लहान वाटेल, पण आपला वेग एकाने कमी धरला की समोरच्याचा तेवढाच जास्त निघतो.

एक किरकोळ गोष्ट. काचेवरचे दव घालवण्यासाठी ब्लोअर लावला, तर गाडी उभी असतानाही आकडा येऊ लागला. ब्लोअरची कळ एक घर पुढे केली की आकडा वाढत होता. ब्लोअर बंद ठेवून खिडक्या उघडल्या आणि कुडकुडत काम केले.

७ डिसेंबर, रविवार

आज भूत दिसले. रस्ता पूर्ण रिकामा, आणि उपकरण सांगते की समोरून एक गाडी येते आहे. आम्ही ४० वर असलो तर तीही ४०, आम्ही ३० वर आलो तर तीही ३०. भाच्याने कार्यक्रम दोनदा तपासला. चूक सापडली नाही. आवाजाची नोंद घेऊन घरी आलो.

१० डिसेंबर, बुधवार

आत्या मूळच्या ग्वाल्हेर गायकीतल्या. अजूनही घरी चार मुली शिकायला येतात. शिकवणी संपल्यावर तिच्यासमोर परवाची नोंद आठपट संथ करून लावली. आठपट संथ केले की स्वर तीन सप्तके खाली येतो. ताशी ५० च्या वेगाचा स्वर त्यामुळे सुमारे २७९ हर्ट्झवर, जवळजवळ काळी एकच्या षड्जावर येऊन बसतो. आमची नोंद ४० ची असल्याने त्याच्या खालच्या कोमल धैवताच्या आसपास होती. तिने डोळे मिटून ऐकले आणि म्हणाली, “हे दोन गवई नाहीत रे, एकच आहे. खालचा सा जिथे जिथे मींड घेतो तिथे वरचा त्याच्याबरोबर जातो, केसाचाही फरक नाही. तंबोऱ्याच्या एका तारेतून वरचा स्वर ऐकू येतो, तसला प्रकार आहे हा.”

तिचे निदान बरोबर निघाले. समोरच्या गाडीचा वेग आपल्याइतकाच असेल, तर जवळ येण्याचा वेग आपल्या वेगाच्या बरोबर दुप्पट होतो, म्हणजे वरचा स्वर खालच्याच्या नेमका सप्तकभर वर जातो. सप्तकाच्या आत असेल तर समोरचा आपल्यापेक्षा हळू, बाहेर असेल तर जोरात. पण अॅम्प्लिफायरला संकेत झेपेनासा झाला की तो लहरीचे शेंडे छाटतो, आणि छाटलेल्या लहरीत मूळ स्वराच्या पटीतले स्वर आपोआप येतात. त्यातला दुप्पट वारंवारतेचा स्वर म्हणजेच आमचे भूत. अॅम्प्लिफायरची वाढ कमी केली. भाच्याने शिवाय कार्यक्रमात असा नियम घातला की वरचे शिखर खालच्याच्या अगदी दुप्पट असेल तर ते धरायचेच नाही. हा नियम मला फारसा पटलेला नाही. आपल्याच वेगाने येणारी खरी गाडीही त्यात सुटते.

पोलिसांच्या रडारमध्येही हा स्वर ऐकवणारा स्पीकर असतो. एकच स्वच्छ, स्थिर स्वर ऐकू आला तरच आकड्यावर विश्वास ठेवावा, असे शिकवतात. खरखर किंवा दोन स्वरांची सरमिसळ ऐकू आली तर आकडा सोडून द्यायचा.

१४ डिसेंबर, रविवार

समोरून गाडी आणून पहिली खरी मोजणी झाली. आमचा वेग ४०, सहकाऱ्याचा ४५, दोघांच्याही जीपीएसची नोंद चालू. खालचे शिखर १,७८८ हर्ट्झच्या आसपास, वरचे ३,८०० च्या आसपास. म्हणजे ४० आणि ८५, वजाबाकी ४५. दोन गाड्यांमधले शेवटचे साठ मीटर ८५ च्या वेगाने अडीच सेकंदांत संपतात, तेवढ्यात वीस-पंचवीस गठ्ठे हाती लागतात.

स्पीडोमीटरच्या काट्यावर आम्ही विसंबलो नाही. काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, थोडा जास्त दाखवला तर चालतो, असाच नियम असतो. त्यामुळे माझा काटा ४० ला ४३ दाखवत होता.

२१ डिसेंबर, रविवार

आजची नोंद थोडी सविस्तर लिहितो, कारण या पद्धतीचे खरे दुखणे आज सापडले.

मेळ्याच्या दुकानांची बांधकामे सुरू झाली, म्हणून झाशी रस्त्याच्या बाजूला गेलो. शेजारचे निवृत्त सुभेदारसाहेब बरोबर होते. वाहतूक पोलिसात त्यांची उमेदीची वर्षे गेली. तिसऱ्या फेरीत आमच्या पुढे एक ट्रॅक्टर आला. त्याच्या ट्रॉलीचा मागचा फाळका लोखंडी, सपाट आणि आमच्याकडे सरळ तोंड करून होता. आम्ही ४० वर, ट्रॅक्टर २० च्या आसपास. समोरून सहकारी ठरल्याप्रमाणे ४५ ने आला. पडद्यावर ६५ उमटले.

भाच्याने कागदावर मांडले तेव्हा उलगडा झाला. आमच्या आणि ट्रॅक्टरच्या वेगांतला फरक २०. त्या लोखंडी फाळक्याची परत डांबरी रस्त्याच्या परतीपेक्षा कितीतरी जोरदार होती, म्हणून उपकरणाने तिलाच जमीन मानले आणि आमचा वेग २० धरला. जवळ येण्याचा वेग मात्र खराच, ८५. त्यातून २० गेले, राहिले ६५. गणित पुढे नेले तर दिसते की ही चूक नेहमी पुढच्या वाहनाच्या वेगाएवढीच असते: ट्रॅक्टरचे २० जसेच्या तसे बिचाऱ्या समोरच्याच्या नावावर चढले. वजाबाकी अचूक होती, समोरच्याची मोजणी अचूक होती, आकडा चुकला तो आपल्याच वेगात. इंग्रजीत या चुकीला सावली म्हणतात. माझ्या मते हा बेनामी व्यवहार आहे.

सुभेदारसाहेब मागच्या आसनावरून म्हणाले, “मास्तर, ती गाडी ६५ ची नव्हती, हे मला यंत्राआधी कळलं होतं. आधी डोळ्यानं अंदाज घ्यायचा, मग यंत्राला विचारायचं. उलट केलंत की फसलात.” अमेरिकेतल्या प्रशिक्षणातही हाच क्रम आहे, हे मी त्यांना सांगितले नाही, सांगितले असते तर त्यांना त्याचे काही वाटले नसते.

२८ डिसेंबर, रविवार

सावलीवर उपाय म्हणून गाडीच्या ओबीडी सॉकेटमधून, म्हणजे गाडीतल्या संगणकाची माहिती देणाऱ्या जोडणीतून, वेग घेतला. तो पूर्ण किलोमीटरमध्ये आणि जरा उशिरा येतो, म्हणून वजाबाकीसाठी तो वापरायचा नाही. जमिनीचे शिखर त्या आकड्याच्या तीन किलोमीटर इकडेतिकडे नसेल, तर मोजणीच रद्द करायची. अलीकडच्या पोलिसी रडारनाही गाडीच्या वेगमापकाची तार अशीच जोडतात, म्हणजे ते जमिनीचा स्वर योग्य जागी शोधतात.

दुसरी चूक वेग वाढवताना दिसली. आमचा स्वतःचा वेग एका सेकंदाच्या सरासरीने निघत होता आणि जवळ येण्याचा वेग ताज्या गठ्ठ्यातून. सेकंदाला ७ किलोमीटरने वेग वाढवला, तर सरासरी अर्धा सेकंद मागे राहते आणि समोरच्याच्या वेगात साडेतीन किलोमीटर फुकट वाढतात. ब्रेक दाबला तर तेवढेच घटतात. आता दोन्ही आकडे एकाच गठ्ठ्यातून घेतो.

४ जानेवारी २०२६, रविवार

धुके. गाडी काढली नाही. अहवालाचा कायद्याचा भाग लिहिला.

१९७९ साली फ्लोरिडातील मायामी येथे रडारचा पुरावा न्यायालयाने नाकारला, ते प्रकरण गाजले, कारण त्या सुमारास टीव्हीवर रडारने एका ताडाच्या झाडाचा वेग ताशी ८६ मैल आणि एका घराचा २८ मैल दाखवला होता. आमच्या चालत्या भिंतीनंतर मला त्याचे नवल वाटले नाही. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो १९७८ चा विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाचा हॅन्सन खटल्यातील निवाडा, कारण तो नेमका चालत्या रडारबद्दल आहे. अधिकारी प्रशिक्षित असावा, यंत्र त्या वेळी नीट चालत असावे, ते गोंधळ होण्याचा संभव कमीत कमी असेल अशा जागी वापरलेले असावे, गस्तीच्या गाडीचा वेग स्वतंत्रपणे पडताळलेला असावा, आणि यंत्राची तपासणी त्याच्या स्वतःच्या अंतर्गत व्यवस्थेवर न विसंबता बाहेरच्या साधनाने केलेली असावी. चौथी अट वाचताना मला ट्रॅक्टर आठवला आणि पाचवी वाचताना नादकाटा.

आपल्याकडे २०२१ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १६७-अ या नियमाप्रमाणे अशा उपकरणांना मान्यतेचे प्रमाणपत्र लागते आणि ते दरवर्षी नूतन करावे लागते. वेगमापक रडार १ जुलै २०२५ पासून वैधमापनशास्त्राच्या नियमांखालीही आले, म्हणजे किराणा दुकानातल्या तराजूसारखी त्याचीही पडताळणी होऊन त्यावर शिक्का बसायला हवा.

११ जानेवारी, रविवार

राखून ठेवलेली चाचणी. भाच्याने २५६ चा आणि मी ५१२ चा नादकाटा वाजवून कर्ण्यापुढे धरला. पडद्यावर स्वतःचा वेग ५.७ आला, पण समोरच्याच्या रकान्यात काहीच नाही. पुन्हा वाजवले, पुन्हा काही नाही. दोघेही काटे हातात धरून एकमेकांकडे पाहत राहिलो आणि मग एकदम लक्षात आले: २५६ आणि ५१२, नेमके सप्तक. भूत घालवायला केलेला नियम आमच्याच परीक्षेला भूत समजत होता. तो नियम काढून टाकला. त्याऐवजी आता लहरीचे शेंडे छाटले जात आहेत का, एवढेच तपासतो आणि तसे असेल तर तो गठ्ठा टाकून देतो. त्यानंतर ५.७, ११.५ आणि वजाबाकी ५.७ असे तिन्ही आकडे आले. खात्रीसाठी ५१२ च्या जागी ४८० चा काटा धरला, १०.७ मधून ५.७ जाऊन ५.० उरले.

धुके उतरल्यावर पाच फेऱ्या केल्या. चार फेऱ्यांत सहकाऱ्याच्या जीपीएसशी फरक ताशी एक किलोमीटरच्या आत राहिला. पाचव्या फेरीत आमच्या पुढे एक लोडिंग टेम्पो शिरला, ओबीडीचा वेग आणि जमिनीचे शिखर यांची गाठ पडेना, आणि सहकारी समोरून निघून गेला तरी पडदा कोरा राहिला. भाच्याने वहीतल्या त्या रकान्यात शून्य न लिहिता आडवी रेघ ओढली आणि शेजारी ‘टेम्पो’ असे लिहिले.